देवाला जाब विचारायचा कोणी?

२०२० सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस देशाला कुलूप लागले आणि दूरदर्शनने कपाटातून रामानंद सागरांना बाहेर काढले. २८ मार्चला ‘रामायण’ सुरू झाले, सकाळी नऊला आणि पुन्हा रात्री नऊला. ते संपले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ एप्रिलला, ‘उत्तर रामायण’ लागले. तेही आटोपले आणि ३ मेपासून रात्री नऊच्याच ठोक्याला ‘श्रीकृष्णा’ सुरू झाली. १६ एप्रिलच्या एका रात्रीत ७ कोटी ७० लाख लोकांनी ‘रामायण’ पाहिले, असे दूरदर्शनने जाहीर केले. आकड्यावर पुढे वाद झाला. तो बाजूला ठेवला तरी एक गोष्ट राहतेच. मूळ प्रक्षेपणात सागरांचा राम आणि सागरांचा कृष्ण यांच्यामध्ये काही वर्षे गेली होती; त्या उन्हाळ्यात दोघे एकाच पडद्यावर, एकाच वेळेला, पाठोपाठ आले. निर्माते तेच, संगीत रवींद्र जैनांचेच, मुकुटांची चकाकीही तीच. बदलला तो देव.

आणि देव कसा बदलला, ते सलग पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. पहिला देव बापाच्या शब्दाखातर राज्य सोडतो, दुसरा हाती शस्त्र धरणार नाही हा स्वतःचा शब्द भीष्मापुढे मोडायला निघतो. पहिल्याला एकच पत्नी, दुसऱ्याच्या राण्यांची संख्या पुराणे सोळा हजारांवर नेतात. पहिला लोक काय म्हणतील याने झुरतो, दुसरा लोकांचे लोणी चोरतो. दोघेही विष्णूचेच अवतार, दोघेही धर्म राखायला आलेले. मग धर्म म्हणजे नक्की काय? देव धर्माला बांधलेला असतो, की देव जे करील त्यालाच धर्म म्हणायचे?

अमरगोळसारख्या ठिकाणी हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही. हुबळी आणि धारवाड यांच्या मधल्या रस्त्यावरचे हे जुने गाव आता जोडशहराच्या पोटात गेले आहे. एपीएमसीचे मोठे आवार, शेजारी नवनगर, रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या चिगरी बस. गावाची जुनी देवळे मात्र चालुक्यांच्या काळातली, एक शंकरलिंगाचे, एक बनशंकरीचे. इथून बसने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात तत्त्वज्ञानाची तीन वेगवेगळी दुकाने उघडी आहेत, आणि आपापल्या गिऱ्हाइकाला तिन्ही वेगवेगळे उत्तर देतात. जुन्या हुबळीत सिद्धारूढांचा मठ. तिथे अद्वैत चालते, म्हणजे राम काय, कृष्ण काय, दोन्ही सगुण रूपे. त्यांच्या वागण्यातला विरोध व्यवहाराच्या पातळीवरचा, अखेरच्या पातळीवर तो उरतच नाही. मूरुसाविर मठाच्या वीरशैव परंपरेत देव देहावरच्या इष्टलिंगात आहे. अवतारच नाहीत, तेव्हा अवताराच्या वागणुकीची चौकशीही नाही. आणि राघवेंद्रस्वामींना मानणारी माध्व घरे. त्यांच्या द्वैतमतात स्वतंत्र असे तत्त्व एकच, हरी. बाकी सगळे परतंत्र. तिथे हरीला नियम लावू पाहणारा स्वतःच हरीच्या सत्तेखाली उभा असतो.

या गर्दीत मराठी घरे आहेतच. १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते. घरात मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे वरकवी झाले ते याच गावात, आणि जी. ए. कुलकर्णी आयुष्यातली उमेदीची वर्षे इंग्रजी शिकवत इथेच राहिले. माणसाने नियतीला जाब विचारावा आणि समोरून उत्तर येऊ नये, हा जीएंच्या कथेचा कायमचा पेच. तो धारवाडच्या मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही.

‘रामायण’चा पहिला भाग २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी सकाळी साडेनऊला आला. ५२ भागांची ठरलेली मालिका वाढत वाढत ७८ भागांवर गेली आणि ३१ जुलै १९८८ ला संपली. टीव्हीला हार घालणे, उदबत्ती लावणे, रस्ते ओस पडणे, हे सगळे इतक्यांदा लिहून झाले आहे की आता पुन्हा नको. मालिकेने राजकारणाला काय पुरवले, यावरही ग्रंथ झाले. सीता झालेल्या दीपिका चिखलिया आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी १९९१ मध्ये भाजपचे खासदार म्हणून लोकसभेत बसले, एवढी नोंद पुरे. मराठी घरासाठी मात्र या मालिकेत एक वेगळी जवळीक होती. चित्रीकरण महाराष्ट्राच्या वेशीवरच्या उंबरगावला. दशरथ बाळ धुरी आणि कौसल्या जयश्री गडकर. खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको. मंथरा ललिता पवार, भरत संजय जोग, वसिष्ठ सुधीर दळवी. अयोध्येचा निम्मा राजवाडा मराठी होता म्हटले तरी चालेल.

मालिकेच्या श्रेयनामावलीत आधारग्रंथांची यादी येते. वाल्मीकी आणि तुलसीदास तर असणारच. पण तमिळ कंब रामायण, बंगाली कृत्तिवास, तेलुगू रंगनाथ रामायण, मराठीतले एकनाथांचे भावार्थ रामायण आणि कन्नडमधले ‘रामचंद्रचरित पुराण’ यांचीही नावे त्यात आहेत. यातले शेवटचे नाव वाचून धारवाडच्या कन्नड प्राध्यापकाच्या भुवया नक्की वर गेल्या असतील. कारण ‘रामचंद्रचरित पुराण’ हे बाराव्या शतकातल्या नागचंद्राचे, म्हणजे अभिनव पंपाचे, आणि ते आहे जैन रामायण. जैन परंपरेत रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो. रामाच्या हातून ही हत्या होत नाही, म्हणून त्याची मोक्षाची वाट मोकळी राहते. लक्ष्मणाला मात्र केल्या कर्माचे फळ नरकात भोगावे लागते. नायक केवढाही मोठा असो, कर्माच्या हिशेबातून त्याला सूट नाही. देव आणि धर्म यांत मोठे कोण, या प्रश्नाचे इतके रोखठोक उत्तर ब्राह्मणी परंपरेत सापडणे कठीण. सागरांनी नाव घेतले, उत्तर काही घेतले नाही.

त्यांनी जे केले ते फार वेगळे होते. रामाच्या चरित्रात जिथे जिथे जाब विचारला जाऊ शकतो, तिथे तिथे मालिका रामाचे वकीलपत्र घेऊन उभी राहते. वालीचा प्रसंग पाहा. सुग्रीव आणि वाली हुबेहूब सारखे, म्हणून पहिल्या द्वंद्वात रामाला बाण सोडता येत नाही. मग सुग्रीवाच्या गळ्यात ओळखीची माळ. सागरांनी इथे एक साधी, पण नेमकी गोष्ट केली. दोन्ही भाऊ एकाच नटाला, श्यामसुंदर कलानींना दिले. पडद्यावर खरोखरच एक माणूस स्वतःशी लढताना दिसतो आणि झाडाआडून आलेला बाण त्या दोघांतल्या एकाला न्यायी आणि दुसऱ्याला अपराधी ठरवतो. वाल्मीकींचा वाली मरता मरता रामावर जे आरोप करतो, ते बिनतोड आहेत. माझे तुझ्याशी वैर नव्हते, मी दुसऱ्याशी लढत होतो, तू लपून मारलेस, आणि सीताच हवी होती तर मला सांगतास, एका दिवसात आणून दिली असती. रामाची उत्तरेही वाल्मीकींनी भरपूर दिली आहेत. तू धाकट्या भावाची बायको ठेवलीस. ही भूमी भरताच्या अमलाखाली आहे आणि मी त्याच्या वतीने दंड देतो. शिवाय तू वानर, आणि शिकारी आडोशाने मृग मारतातच. एका प्रश्नाला तीन उत्तरे आली की समजावे, यातले एकही पुरेसे नाही. पहिले उत्तर वालीला माणूस समजून दिले आहे, तिसरे जनावर समजून. हा घोळ वाल्मीकींना दिसला नसेल असे नाही. त्यांनी तो तसाच ठेवला, यात त्यांचे मोठेपण आहे.

अग्निपरीक्षेच्या वेळी तर वकिलीची हद्द झाली. सागरांचा लक्ष्मण भावावर उसळतो, तेव्हा राम त्याला आतली गोष्ट सांगतो. खरी सीता हरणाच्या आधीच अग्नीच्या स्वाधीन केली होती, रावणाने नेली ती छाया. आता अग्नीकडून खरी परत घ्यायची आहे. परीक्षा उरतच नाही, नुसती देवघेव उरते. ही युक्ती सागरांची नव्हे. ती अध्यात्म रामायणात आहे, तुलसीदासांत आहे, आणि माध्वांना तर घरचीच आहे, कारण मध्वाचार्यांच्या महाभारततात्पर्यनिर्णयातही रावणाच्या हाती लागते ती सीतेची केवळ प्रतिकृती. परपुरुषाने देवीला स्पर्श केला, ही कल्पनाच भक्ताला सोसवत नाही, म्हणून प्रत्येक शतकात कुणीतरी ही छाया पुढे केली. पण छाया आणली की सीतेचे दुःख नाटकी होते, रामाची कठोरता नाटकी होते, आणि ज्या प्रसंगात प्रेक्षक श्वास रोखून बसला होता तो प्रसंगच विरघळून जातो.

वाल्मीकींचा राम याच ठिकाणी काय म्हणतो, ते लक्षात घेण्यासारखे आहे. सीता अग्नीत शिरल्यावर देव गोळा होतात, तू असे कसे केलेस म्हणून विचारतात. राम म्हणतो, मी स्वतःला माणूस समजतो, दशरथाचा मुलगा समजतो. मी खरा कोण ते तुम्हीच सांगा. म्हणजे वाल्मीकींच्या रामाला आपण देव आहोत हे ठाऊकच नाही, निदान ते त्याच्या निर्णयांत कुठे नाही. तो चुकतो, रडतो, कठोर होतो, ते सगळे माणूस म्हणून. आणि माणूस म्हटला की त्याला जाब विचारता येतो. सागरांचा राम गालातल्या गालात हसणारा, सगळे आधीच ठाऊक असलेला; त्याला विचारणार तरी काय?

३१ जुलै १९८८ ला मालिका रामराज्याभिषेकावर संपली. रामकथा इथे थांबवण्याची परंपरा जुनी आहे. तुलसीदासांनी रामचरितमानसात सीतात्याग सांगितलाच नाही. एकनाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडातच अपुरे राहिले. त्यांच्या मागे ते शिष्य गावबाने पुरे केले. तिथे मृत्यू आडवा आला, सोय नव्हे. पण भाविकाला अभिषेकाशी थांबणे बरे वाटते हे उघड आहे. पुढच्या कांडात राम राजा म्हणून जे करतो, त्याचे समर्थन करताना भल्याभल्यांची जीभ अडखळते.

थांबू दिले नाही ते झाडूवाल्यांनी. जालंधरला आणि उत्तरेतल्या आणखी काही शहरांत सफाई कामगार संपावर गेले. वाल्मीकींना आपला आदिपुरुष मानणारा हा समाज. त्यांची मागणी पगाराची नव्हती. उत्तरकांड दाखवा, सीतेला आसरा देणारा वाल्मीकींचा आश्रम दाखवा, लव-कुश दाखवा, अशी होती. कचऱ्याचे ढीग साचले, रोगराईची भीती उभी राहिली, आणि सरकारला आणखी भागांना मंजुरी द्यावी लागली. ‘लव कुश’, म्हणजे आजचे ‘उत्तर रामायण’, अशा रीतीने पडद्यावर आले. जगात कुठे मालिका वाढवण्यासाठी संप झाला असेल तर असो. देवाच्या चरित्राचा नकोसा भाग दाखवलाच पाहिजे म्हणून झालेला हा संप एकमेव असावा. शास्त्री-पंडितांनी शतकानुशतके टाळलेला प्रश्न रस्ता झाडणाऱ्यांनी उपस्थित केला, आणि तो भक्तीच्या पोटी केला.

सागरांनी वकीलपत्र तेव्हाही सोडले नाही. त्यांच्या उत्तर रामायणात रामाने सीतेला टाकले असे होतच नाही. लोकापवाद कानावर आल्यावर सीता स्वतःच जायचे ठरवते, राम जड मनाने मान्य करतो. नवऱ्यावरचा आरोप बायकोनेच मागे घेतला की खटला संपला! यावर त्या काळी अनेक बायकांनी पदराला डोळे पुसले असतील. आज पाहताना मात्र एखादी लेक आईकडे तिरके बघते.

आणि तरीही त्याच मालिकेत असा एक प्रसंग आहे, जिथे सागरांची सगळी तजवीज कोलमडते आणि काहीतरी खरे घडते. अयोध्येच्या दरबारात दोन मुले येतात आणि रामासमोर रामाचीच कथा गातात. मराठी श्रोत्याला ही चौकट नवी नाही. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून चाललेले गदिमा-बाबूजींचे ‘गीतरामायण’ याच चौकटीत बांधलेले होते. पण तिथे मुलांचा स्वर कौतुकाचा असतो. इथे गाणे पुढे सरकते तसे ते अयोध्येलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, आणि सिंहासनावर बसलेल्या माणसाला खाली बघावे लागते. कॅमेरा मुलांच्या तोंडावरून दरबाऱ्यांच्या तोंडांवर जातो, तिथून रामाच्या. त्या क्षणी अरुण गोविलच्या चेहऱ्यावरचे ते ठरावीक स्मित नाहीसे झालेले असते. दोन्ही मुले मराठी; लव मयुरेश क्षेत्रमाडे, कुश स्वप्नील जोशी.

हाच स्वप्नील जोशी १९९३ मध्ये सागरांच्याच पडद्यावर बासरी घेऊन उभा राहिला. कालपर्यंत देवाला जाब विचारणारा पोरगा आज स्वतःच देव! निर्मात्याला तो चेहरा गोड वाटला, एवढेच कारण असणार. पण पात्रयोजनेतल्या या योगायोगाकडे कानाडोळा करवत नाही, कारण नव्या मालिकेत त्याची जागा घेणारा, जाब विचारणारा दुसरा कुणी आलाच नाही.

‘श्रीकृष्णा’ २२१ भागांची. आधी दूरदर्शनवर, मग उपग्रह वाहिन्यांवर हिंडलेली. तोवर झी टीव्ही आला होता, रविवारची ती एकछत्री सकाळ संपली होती, आणि चोप्रांच्या ‘महाभारता’तला नितीश भारद्वाजचा हजरजबाबी कृष्ण लोकांच्या मनात बसलेला होता. सागरांनी त्याच्याशी स्पर्धा टाळली. त्यांनी भागवताबरोबर हरिवंश, विष्णुपुराण, पद्मपुराण, ब्रह्मवैवर्त, गर्गसंहिता असे ग्रंथ घेतले. भागवतात राधेचे नाव नाही. ती हवी असेल तर ब्रह्मवैवर्ताकडे आणि गर्गसंहितेकडेच जावे लागते. या निवडीचा परिणाम मोठा झाला. ब्रह्मवैवर्तात राधा-कृष्ण हे गोलोकातले सनातन जोडपे. पृथ्वीवरचे त्यांचे वागणे हा त्या लोकातल्या घडामोडींचा उत्तरार्ध. एकदा ही पार्श्वभूमी पक्की झाली की वृंदावनातल्या कुठल्याही गोष्टीला नीतीचा प्रश्न चिकटतच नाही. सर्वदमन बॅनर्जींचा मोठेपणीचा कृष्ण तर इतका शांत, की कुरुक्षेत्रावरही त्याच्या कपाळाला आठी पडत नाही. चमत्कार होतात, तेजाची वलये फिरतात, भोवतीचे हात जोडतात. कृष्णाला पेच पडत नाही म्हणून प्रेक्षकालाही पडत नाही. ‘रामायण’ आजही माणसे पुन्हा बघतात ती रडायला. ‘श्रीकृष्णा’ बघतात ती मुलांना दाखवायला.

गंमत अशी की मूळ भागवताला हा प्रश्न टोचत होता. रासलीला सांगून झाल्यावर परीक्षित राजा शुकमुनींना सरळ विचारतो, धर्म स्थापायला आलेल्याने परस्त्रियांशी असे कसे वर्तन केले? शुकांचे उत्तर तीन पदरी आहे. समर्थांना दोष लागत नाही, अग्नी सगळे खाऊनही जसा शुद्धच राहतो. इतरांनी मात्र मनातसुद्धा अनुकरण करू नये. रुद्राने विष पचवले म्हणून दुसरा कुणी पिऊ पाहील तर मरेल. आणि जो सर्वांच्या, गोपींच्या पतींच्याही, अंतर्यामी आहे त्याला परके कोण? उत्तर पटो वा न पटो, प्रश्न ग्रंथात नोंदवलेला आहे, आणि तो नास्तिकाने नव्हे, मरणाच्या दारी बसलेल्या भक्ताने विचारलेला आहे.

मीमांसकांनी तर देवांना कधीच झुकते माप दिले नाही. त्यांच्या लेखी धर्म कळतो तो वेदाच्या विधीवरून. देवता म्हणजे यज्ञात ज्याला उद्देशून आहुती द्यायची ते नाव. कुमारिल भट्टाने तंत्रवार्तिकात थोरामोठ्यांच्या गैरवर्तनांची यादीच दिली आहे, आणि त्यात वासुदेव आणि अर्जुन यांनाही बसवले आहे. आक्षेप दोन: मद्यपान आणि मामाच्या मुलीशी लग्न. पुढे तो या आक्षेपांची उत्तरेही देतो, पण आधी आरोपपत्र वाचून दाखवतो. यातला दुसरा आक्षेप अमरगोळात मोठ्याने वाचून दाखवला तर हशा पिकेल. इथे मामाची मुलगी हे सर्वांत सरळ स्थळ. बौधायनाने सुद्धा ते दक्षिणेकडचा आचार म्हणून नोंदवून ठेवले आहे. देवाचा दोष म्हणून उत्तरेत मोजलेली गोष्ट तुंगभद्रेच्या अलीकडे घरोघर पत्रिकेत छापली जाते. धर्म कुठे देवाहून मोठा, कुठे देव धर्माहून मोठा, आणि कुठे मुलखाची रीत या दोघांहून मोठी.

लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त हा गुंता निराळ्या बाजूने धरला. सत्य, अहिंसा यांना अपवाद कधी, याची चर्चा त्यांनी ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात महाभारतातली उदाहरणे घेत केली. कृष्ण तिथे संकटात वाट दाखवणारा शहाणा आहे. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये कृष्णाचे देवपण बाजूला ठेवून त्याला हाडामासाचा राजकारणी म्हणून तपासले. दोघांनीही कृष्णाला प्रश्न विचारता येतील अशा उंचीवर खाली आणले. सागरांनी त्याला पुन्हा वर नेऊन बसवले. आवड आपापली. पण ज्या महाभारताचा कृष्ण त्यांनी घेतला, ते महाभारत कृष्णाला इतक्या सहज सोडत नाही.

अमरगोळहून तासा-दीड तासाच्या अंतरावर गदग. तिथल्या वीरनारायणाच्या देवळात बसून पंधराव्या शतकात नारणप्पाने, म्हणजे कुमारव्यासाने, कन्नड भारत लिहिले. आपण कृष्णकथाच सांगतो आहोत, असे तो मानतो. या भागात गमकी लोक त्याच्या षट्पदी अजून गाऊन दाखवतात. कुमारव्यासाचे भारत दहा पर्वांचे. गदापर्व झाले, धर्मराजाला अभिषेक झाला, ग्रंथ संपला. तुलसीदासांनी रामाचे जे केले तेच त्याने कृष्णाचे केले. मूळ महाभारतात मात्र त्या अभिषेकाच्या आधीच गांधारी उभी असते.

स्त्रीपर्वातली गांधारी रणांगणात मुलांची प्रेते ओलांडत कृष्णापाशी येते आणि विचारते, तुझ्यात सामर्थ्य होते, सैन्य होते, दोन्ही बाजू तुझे ऐकत होत्या, मग हा नाश तू जाणूनबुजून का होऊ दिलास? ती शाप देते: छत्तीस वर्षांनी तुझे कूळही असेच आपसात लढून मरेल आणि तू रानात एकटा मरशील. कृष्ण शाप परतवत नाही. यादवांचा अंत असाच व्हायचा आहे हे त्याला ठाऊक आहे. शिवाय तो गांधारीलाही तिचा वाटा दाखवून देतो, दुर्योधनाला आवरले नाहीस म्हणून. उलटतपासणी दोन्ही बाजूंनी होते. पण शिक्षा तो भोगतो. प्रभासतीर्थावर यादव खरोखर एकमेकांना मारतात आणि जरा नावाच्या व्याधाचा बाण कृष्णाच्या पायात शिरतो. राम सुटला असे वाटत असेल, तर शरयूत उतरणारा राम आठवावा. दोन्ही महाकाव्यांनी आपापल्या देवाला शेवटी जगाचा निरोप घ्यायला लावले आहे.

याहून कमी माहीत असलेला साक्षीदार आश्वमेधिक पर्वात भेटतो. युद्धानंतर द्वारकेला परतताना कृष्णाला वाटेत उत्तंक नावाचा तपस्वी भेटतो. कौरव-पांडवांचा समेट झाला ना, म्हणून तो सहज विचारतो. सगळे मेले, हे ऐकल्यावर तो भडकतो; थांबवू शकत होतास आणि थांबवले नाहीस, तुला शापच देतो. कृष्ण त्याला विश्वरूप दाखवतो, पण त्याआधी जे सांगतो ते जास्त मोलाचे. तो म्हणतो, मी देवयोनीत असतो तेव्हा देवासारखा वागतो, गंधर्वांत गंधर्वासारखा, नागांत नागासारखा. आता माणूस आहे, म्हणून माणसासारखी त्यांची मनधरणी केली. त्यांनी ऐकले नाही. हे उत्तर कृष्णाचे असले तरी अग्निपरीक्षेपाशी स्वतःला दशरथाचा मुलगा म्हणवणाऱ्या रामाच्या ते अगदी शेजारी जाऊन बसते. दोन अवतारांमधली दरी सागरांच्या पडद्यावर रुंद दिसते, ती या जागी एका ढांगेची राहते.

उत्तंकाची गोष्ट इथे संपत नाही. कृष्ण त्याला वर देतो, तहान लागेल तेव्हा माझी आठवण कर, पाणी मिळेल. पुढे वाळवंटात तहान लागते. समोर येतो एक चांडाळ, उघडा, मळलेला, भोवती कुत्री, आणि पाणी देऊ करतो. उत्तंक ते नाकारतो, वर त्याला रागावतो. मागाहून कृष्ण येऊन सांगतो, तो इंद्र होता आणि ते अमृत होते. मीच त्याला गळ घातली होती. देवाला जाब विचारण्याची छाती असलेला माणूस एका अस्पृश्याच्या हातचे पाणी पिऊ शकला नाही, आणि महाभारताने हे दोन्ही प्रसंग एकाच माणसाच्या नावावर लागोपाठ मांडले. जालंधरच्या संपकऱ्यांना ही कथा कुणी ऐकवली असती तर त्यांना उत्तंकाचे नवल वाटले नसते. कृष्ण मात्र त्याच्यावर रागावत नाही. तुला तहान लागेल तेव्हा वाळवंटात पाण्याने भरलेले ढग येतील, त्यांना तुझेच नाव पडेल, असे त्याला सांगतो.